खेळाचे नियम आणि खेळाडूंचे सख्य

खो-खोच्या मैदानावर पाठलाग करणाऱ्या गड्याला एकदा घेतलेली दिशा बदलता येत नाही, की मधली पट्टी ओलांडता येत नाही. प्रतिस्पर्धी पलीकडे पळाला म्हणजे बसलेल्या सोबत्याला ‘खो’ देण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. एकट्याची धाव अपुरी पडावी, अशी योजना नियमातच आहे. आणि या अपुरेपणातूनच संघभावना जन्मास येते. संगणकाच्या जाळ्यावर दूरदूरची माणसे जे खेळ एकत्र खेळतात, त्यांनाही हेच तत्त्व लागू पडते.

अशा खेळांचा एक आद्य नमुना इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ याने रचण्यास घेतला व रिचर्ड बार्टल याने तो पुढे वाढविला. त्यात चित्रे नव्हती, केवळ शब्द होते. परंतु त्या काल्पनिक प्रदेशात अनेकांना एकाच वेळी वावरता व परस्परांशी बोलता येई.

१९९९ साली अमेरिकेत ‘एव्हरक्वेस्ट’ हा खेळ प्रसिद्ध झाला. त्यातील बलाढ्य शत्रूंपुढे एकट्याचा निभाव लागणे कठीण असे. झुंजीनंतर शक्ती भरून येईपर्यंत बराच वेळ स्वस्थ बसावे लागे. हा विलंब कंटाळवाणा खरा. पण त्या विसाव्यात गप्पा होत आणि अनोळखी सोबती परिचित बनत.

२००४ साली आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये खेळाडू अनेक सर्व्हरवर विभागलेले होते. प्रत्येक सर्व्हर म्हणजे जणू एक स्वतंत्र गावच. मोहिमेसाठी पाच जणांची तुकडी खेळाडूंनाच जमवावी लागे. कोण भरवशाचा आणि कोण दगा देणारा, हे गावभर ठाऊक होई. डिसेंबर २००९ मध्ये निरनिराळ्या सर्व्हरवरील पाच जणांना यंत्रच आपोआप जुळवू लागले. वेळ वाचला; परंतु मोहीम संपताच पांगलेले सोबती पुन्हा भेटण्याचा संभव फारसा उरला नाही. पुनर्भेटीची शक्यता असली म्हणजे सहकार्य टिकून राहते, असे रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात दाखविले होते. २०१९ साली हा खेळ मूळ स्वरूपात पुन्हा प्रसिद्ध झाला, तेव्हा ही सोय त्यात नव्हती.

परंतु केवळ गरज निर्माण करून भागत नाही. परस्परांना उपद्रव देण्याची संधीही कमी करावी लागते. २०१२ सालच्या ‘जर्नी’ या खेळात दोन अनोळखी प्रवासी वाळवंटात भेटतात. त्यांना बोलता येत नाही. केवळ एक मधुर नाद काढता येतो. प्राथमिक चाचण्यांत खेळाडू एकमेकांना खड्ड्यात ढकलू लागले. तेव्हा जेनोवा चेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी धक्का देण्याची शक्यताच काढून टाकली, आणि प्रवासी जवळ आले की दोघांचेही उडण्याचे सामर्थ्य वाढावे, अशी व्यवस्था केली. ढकलाढकल थांबली. माणसे तीच होती; बदलला होता तो नियम.

खेळात रमलेल्या मुलाला सोबती लाभतील की गर्दीतही ते एकटेच राहील, हे केवळ त्याच्या स्वभावावर अवलंबून नसते. या खेळात दुसऱ्याची गरज भासते काय? तोच सोबती पुन्हा भेटतो काय? साहाय्य करणाऱ्याचा लाभ होतो काय? हे तीन प्रश्न पालकांनी, शिक्षकांनी आणि स्वतः खेळाडूंनीही विचारून पाहावेत.