पिलाच्या डोळ्यांतून वारंवार येणारें चिपड

शेतकऱ्याच्या घरीं बैलांची जितकी निगा राखली जाते तितकी कुत्र्याची राखली जात नाहीं, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. वास्तविक जानेफळच्या शिवारांत हरभरा व तूर उभी असतां रोही आणि रानडुकरें यांचा उपद्रव किती होतो, व रात्रीं जागलीवर असलेल्या माणसाचा खरा सोबती कोण, हें प्रत्येकजण जाणतो. असा सोबती पिलूंपणींच आंधळा झाला किंवा दगावला तर नुकसान आपलेंच. म्हणून पिलाच्या डोळ्यांतून दिवसेंदिवस पाणी अथवा चिपड येऊं लागल्यास काय समजावें व काय करावें, याचा विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत धरावी. डोळ्यांतून घाण येणें हा स्वतः रोग नव्हे. तें रोगाचें चिन्ह होय. पीक पिवळें पडण्यास पाण्याचा ताण, सांचलेलें पाणी, कीड अशीं निरनिराळीं कारणें असतात, आणि कारण न पाहतां खत टाकणारा फसतो. तोच न्याय येथेंहि लागू आहे. झोपेंतून उठलेल्या पिलाच्या डोळ्याच्या कोपऱ्यांत थोडें कोरडें चिपड असणें स्वाभाविक आहे. परंतु पुसल्यावर तें त्याच दिवशीं पुन्हां जमूं लागलें व असें दोन दिवस चाललें, तर कारण शोधलेंच पाहिजे.

पाहणी कशी करावी

पीकपाहणी बांधावर उभें राहून होत नाहीं, शेतांत उतरावें लागतें. तसेंच पिलूं उजेडांत मांडीवर घेऊन दोन्ही डोळे नीट पाहावे.

(१) एकाच डोळ्यांतून अकस्मात् पाणी वाहूं लागलें, पिलूं तो डोळा मिटून धरतें व पंजानें चोळतें, तर कुसळ, काडी किंवा खळ्यावरील भूस आंत गेलें असावें, अथवा बुबुळास ओरखडा पडला असावा.

(२) पापणीची कड आंत वळलेली असून केंस बुबुळावर घासत असले, तर हा जन्मतः असणारा दोष होय. यावर पुष्कळदां शस्त्रक्रियाच करावी लागते.

(३) नाकाकडील कोपऱ्यांत तांबडा गोळा दिसला, तर ती तिसऱ्या पापणीची ग्रंथि जागेवरून सरकलेली असते. कित्येक लोक ती मांसाची गांठ समजून कापूं पाहतात. तसें कदापि करूं नये. डोळ्यांतील पाण्याचा मोठा भाग हीच ग्रंथि तयार करते. ती गेली कीं डोळा कायमचा कोरडा पडण्याचें भय असतें. वैद्य ती टांके घालून पुन्हां जागेवर बसवितात.

(४) चिपड दाट, चिकट व तारेसारखें असून डोळ्याची चकाकी गेली असेल, तर डोळ्यांत पाणीच कमी होत असावें. याची परीक्षा सोपी आहे. वैद्य खालच्या पापणींत कागदाची पट्टी एक मिनिट ठेवतात. ती १५ मिलिमीटर वा अधिक भिजली तर ठीक. १० पेक्षां कमी भिजली तर डोळा कोरडा समजावा. अशा कुत्र्यास बहुधा जन्मभर औषध घालावें लागतें, परंतु दृष्टि राखतां येते.

सर्वांत मोठें भय

दोन्ही डोळ्यांतून प्रथम पाणी व मग पुवासारखें चिपड, त्याबरोबर नाक वाहणें, ताप, खोकला, अन्नावर वासना नसणें, वांती किंवा हगवण, हीं लक्षणें एकत्र दिसलीं तर डिस्टेंपर या सांथीच्या रोगाचा संशय घ्यावा. हा रोग विषाणूपासून होतो, आणि टोंचणी न झालेलीं तीन ते सहा महिन्यांचीं पिलें त्यास विशेष बळी पडतात. पुढें अंगास झटके येतात, पायांचे तळवे कठीण होतात. विषाणूवर थेट औषध नाहीं. वैद्य केवळ पिलाचें बळ टिकवूं शकतात. माणसास हा रोग होत नाहीं. तथापि झटके व लाळ हीं पिसाळण्याचींहि चिन्हें असूं शकतात. म्हणून अशा पिलाच्या तोंडाजवळ हात नेऊं नये. चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवून त्याच दिवशीं रुग्णालयांत जावें.

हा रोग कुत्र्यांपुरताच राहत नाहीं. सन २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरांत गुजराथेंतील गीरच्या जंगलांत वीसहून अधिक सिंह मेले; पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या तपासणींत त्यांपैकीं कांहींमध्यें हाच विषाणू सांपडला. आपल्या जिल्ह्यांतहि ज्ञानगंगा अभयारण्य आहे, आणि सन २०१९ मध्यें टिपेश्वरच्या जंगलांतून निघालेला एक वाघ शेकडों कोस शेतांशिवारांतून चालत तेथें आला होता. आपल्या कुत्र्यांचें आरोग्य हें अशा रीतीनें रानाचेंहि आरोग्य आहे.

घरीं काय करावें, काय करूं नये

एक लिटर पाणी उकळून त्यांत ९ ग्रॅम मीठ घालावें व निवूं द्यावें. स्वच्छ सुती कापड त्यांत भिजवून नाकाकडून कानाकडे हळूच पुसावें. प्रत्येक डोळ्यास वेगळें कापड घ्यावें व नंतर तें जाळून टाकावें. पाणी रोज ताजें करावें. पिलूं धुळीपासून व इतर कुत्र्यांपासून दूर, सावलींत बांधावें. आपले हातहि साबणानें धुवावे.

तंबाखूचें पाणी, चुना, तुरटी, हळद वा झाडाचा चीक डोळ्यांत घालण्याची चाल कांहीं ठिकाणीं आहे, ती सोडावी. घरांतील माणसाची उरलेली डोळ्याची बाटलीहि वापरूं नये. कित्येक थेंबांत स्टेरॉइड असतें. बुबुळावर व्रण असतां तें घातल्यास व्रण खोल जातो, प्रसंगीं डोळा फुटतो. व्रण आहे कीं नाहीं हें साध्या नजरेस कळत नाहीं. वैद्य डोळ्यांत नारिंगी रंग घालून पाहतात, व व्रणाच्या जागीं तो हिरवा दिसतो.

डोळा उघडत नसल्यास, बुबुळ पांढुरकें झाल्यास किंवा ताप असल्यास दुसऱ्या दिवसाची वाट न पाहतां पशुवैद्याकडे जावें. इतर वेळीं दोन दिवस धुवून गुण न आल्यास जावें.

टोंचणीविषयीं

डिस्टेंपरवर खरा उपाय आधींचाच. पहिली टोंचणी सहा ते आठ आठवड्यांच्या वयांत, नंतर दर तीन-चार आठवड्यांनीं, सोळा आठवड्यांचें होईपर्यंत. पुढें वर्षानें पुन्हां. एकदां टोंचून कां भागत नाहीं, असें पुष्कळजण विचारतात. कारण हें कीं, आईच्या चिकाच्या दुधांतून पिलास मिळालेली शक्ति कांहीं आठवडे टिकते, व तीच आरंभींची लस निष्फळ करूं शकते. ती शक्ति कोणत्या पिलाची केव्हां ओसरेल हें बाहेरून समजत नाहीं, म्हणून टोंचणी पुनः पुनः करावी लागते. पिसाळण्याविरुद्धची टोंचणी वेगळी. ती तीन महिन्यांच्या वयांत द्यावी.

बी पेरण्यापूर्वीं बीजप्रक्रिया करणाऱ्या शेतकऱ्यास याचें महत्त्व निराळें सांगावयास नको. गल्लींतील चार घरांनीं आपलीं पिलें एकाच दिवशीं नेलीं, तर खर्च व खेप दोन्ही वांचतील, आणि एका घरचा रोग दुसऱ्या घरीं जाणार नाहीं.