चँपियन्स लीग ट्वेंटी-२०

विविध देशांच्या अंतर्गत स्पर्धांतून निवडलेल्या संघांची एक अल्पजीवी आंतरराष्ट्रीय क्रिकेट स्पर्धा. ती २००९ ते २०१४ या काळात सहा वेळा भरविण्यात आली. राष्ट्रीय संघांऐवजी प्रांत, काउंटी व व्यावसायिक संघ तीत एकमेकांविरुद्ध खेळत. युरोपातील फुटबॉल क्लबांच्या चँपियन्स लीगचा आदर्श तिच्या संयोजकांपुढे होता.

स्थापना : इंडियन प्रीमियर लीग २००८ मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी भारत, ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका या देशांच्या क्रिकेट मंडळांनी ही स्पर्धा स्थापन केली. तीत त्यांचे वाटे अनुक्रमे ५०, ३० व २० टक्के होते. दूरचित्रवाणी प्रक्षेपणाचे दहा वर्षांचे हक्क सुमारे ९० कोटी अमेरिकी डॉलरना विकले गेले. पहिली स्पर्धा डिसेंबर २००८ मध्ये योजिली होती व सामन्यांच्या ठिकाणांत मुंबईचा समावेश होता. तथापि २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर झालेल्या दहशतवादी हल्ल्यामुळे ती रद्द करावी लागली.

स्पर्धेचा इतिहास : ऑक्टोबर २००९ मध्ये बारा संघांची पहिली स्पर्धा भारतात झाली. तीन भारतीय संघांपैकी एकही उपांत्य फेरीत पोहोचला नाही. हैदराबाद येथील अंतिम सामन्यात न्यू साउथ वेल्सने त्रिनिदाद व टोबॅगो या संघाचा ४१ धावांनी पराभव केला. २०१० व २०१२ च्या स्पर्धा दक्षिण आफ्रिकेत झाल्या. त्या अनुक्रमे चेन्नई सुपर किंग्ज व सिडनी सिक्सर्स यांनी जिंकल्या. मुंबई इंडियन्सने २०११ मध्ये चेन्नई येथे बंगलोरच्या संघावर ३१ धावांनी आणि २०१३ मध्ये दिल्ली येथे राजस्थान रॉयल्सवर ३३ धावांनी विजय मिळविला. सचिन तेंडुलकर व राहुल द्रविड या दोघांचाही २०१३ चा अंतिम सामना हा अखेरचा ट्वेंटी-२० सामना ठरला. २०१४ चे विजेतेपद पुन्हा चेन्नईकडे गेले.

ऱ्हासाची कारणे : एकच खेळाडू अनेक देशांतील संघांशी करारबद्ध असल्याने तो कोणाकडून खेळणार, हा प्रश्न आरंभापासून होता. दुसऱ्या संघाने खेळाडू घेतल्यास मूळ संघास भरपाई देण्याचा नियम होता. परंतु त्यामुळे धनाढ्य संघांचेच पारडे जड झाले. किरॉन पोलार्डने २००९ मध्ये त्रिनिदादतर्फे न्यू साउथ वेल्सविरुद्ध १८ चेंडूंत नाबाद ५४ धावा काढून सामना जिंकून दिला. पुढच्याच वर्षी तो मुंबई इंडियन्सकडून खेळला. लहान प्रांत आपल्या घडविलेल्या खेळाडूंना अशा रीतीने मुकले आणि स्पर्धेतील चुरस घटली. सहांपैकी तीन अंतिम सामने (२०११, २०१३ व २०१४) केवळ भारतीय संघांतच झाले. इंग्लंडच्या काउंटी संघांचा सहभागही अखंड राहिला नाही. प्रायोजक वारंवार बदलले व प्रेक्षकसंख्या अपेक्षेइतकी वाढली नाही. अखेर जुलै २०१५ मध्ये तिन्ही मंडळांनी ही स्पर्धा बंद केल्याचे जाहीर केले.

मूल्यमापन : रग्बी युनियन या खेळातील ‘सुपर १०’ ही स्पर्धाही अल्पजीवीच होती. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका व पॅसिफिक बेटे येथील संघांची ही स्पर्धा १९९३ ते १९९५ अशी तीनच वर्षे चालली. पण तिच्या जागी १९९६ मध्ये ‘सुपर १२’ ही व्यावसायिक स्पर्धा उभी राहिली. तेथे संघ प्रदेशांचेच राहिले. चँपियन्स लीगला असा वारस लाभला नाही. मात्र पुढे भारतीय संघांच्या मालकांनी परदेशी लीगमध्येही संघ घेतले. २०२३ पासून केपटाउन, न्यूयॉर्क व संयुक्त अरब अमिराती येथे मुंबई इंडियन्सच्या नावाशी जोडलेले संघ खेळू लागले. क्लब हा एखाद्या गावाचा वा प्रांताचा प्रतिनिधी असतो, या ज्या कल्पनेवर ही स्पर्धा आधारलेली होती, तीच कल्पना या बदलामुळे क्षीण झाली.