चिंबोरीचे बाळपण

बाजारात चिंबोरी घेताना आपण ती हातात तोलून पाहतो आणि "लाख आहे का हो?" असे कोळणीला हमखास विचारतो. ही लाख म्हणजे मादीच्या अंगातली, अजून बाहेर न आलेली अंडी. ती बाहेर आली असती तर पुढे काय झाले असते, हे मात्र आपण सहसा विचारीत नाही. आज तेवढेच पाहू.

खाडीच्या चिखलात, खारफुटीच्या मुळांशी राहणारी ही चिंबोरी. शास्त्रज्ञ तिच्या वंशाला 'स्किला' म्हणतात. अंडी घालायची वेळ झाली की मादी खाडी सोडून समुद्राकडे निघते. बाहेर आलेली अंडी ती पोटाखाली दुमडलेल्या शेपटीत धरून ठेवते. एका मादीपाशी दहा-वीस लाख अंडीही असू शकतात. सुरुवातीला नारिंगी दिसणारा हा पुंजका हळूहळू काळपट होतो, कारण आतल्या पिलांचे डोळे दिसू लागलेले असतात.

आता पिले म्हटल्यावर इवल्याइवल्या चिंबोऱ्या तुमच्या डोळ्यांपुढे आल्या असतील. तसे मुळीच नाही. अंड्यातून निघतो तो मिलिमीटरभराचा, काचेसारखा पारदर्शक, पाठीवर आणि तोंडापुढे लांब काटा असलेला जीव. त्याला नांग्या नाहीत आणि चालायचे पायही नाहीत. समुद्रात सापडणारे असले जीव म्हणजे एक निराळाच प्राणी, असे समजून 1802 साली बॉस्क या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने त्याला 'झोइआ' हे नाव देऊन टाकले. आयर्लंडमधला लष्करी डॉक्टर जॉन व्हॉन थॉम्प्सन याने खेकड्याच्या अंड्यांतून झोइआच बाहेर पडतो असे दाखविले, आणि 1828 साली ते प्रसिद्ध केले.

पण पुढची पायरी कोणती, आणि तिच्यानंतरची? समुद्रातून जाळ्यात आलेला जीव आपले कूळ सांगत नाही. त्यासाठी एकाच मादीची पिले काचपात्रात वाढवून, त्यांनी टाकलेली प्रत्येक कात तपासावी लागते. चिंबोरीबाबत हे काम मलेशियात ओंग यांनी केले व 1964 साली प्रसिद्ध केले. झोइआच्या पाच अवस्था होतात. दुसऱ्या अवस्थेत डोळे देठावर येतात आणि शेवटच्या अवस्थांत पोटाखालच्या पायांचे अंकुर दिसतात. पाचव्या झोइआने कात टाकली की 'मेगालोपा' होतो. त्याला नांग्या असतात, पण शेपटी अजून मागे पसरलेली. त्याने आणखी एकदा कात टाकली की पहिली खरी चिंबोरी! सारा प्रवास साधारण महिन्याभराचा.

लिहायला हे सोपे आहे. एकदा विद्यार्थ्यांना दाखवावे म्हणून मी स्वतः हा खटाटोप केला होता. पिलांना उकडलेल्या अंड्याचा बलक चारला. पाणी नासले आणि तिसऱ्या दिवशी सारी पिले तळाशी! झोइआला जिवंत, पोहणारे भक्ष्य लागते: आधी रोटिफर, मग आर्टेमियाची पिले. पाणीही समुद्राइतके खारट हवे, खाडीतल्या निमखाऱ्या पाण्यात कोवळे झोइआ तगत नाहीत. मादी समुद्राकडे का जाते, ते आता लक्षात आले ना? सगळे जमले तरी पाचव्या झोइआची कात निघताना पुष्कळ पिले मरतात, आणि मेगालोपा तर एकमेकांनाच खातात. लाखांतून हाती लागतात ती थोडीच.

या ज्ञानाचा उपयोग काय, म्हणाल? खेकडेपालन करणाऱ्याला पिले हवीत. ती खाडीतून धरली, तर खाडीच रिकामी होते. तामिळनाडूत राजीव गांधी मत्स्यसंवर्धन केंद्राने अशी पिले हॅचरीत तयार केली, आणि सिंधुदुर्गातल्या बचतगटांनी खारफुटीजवळ ती वाढविली आहेत.

मात्र हॅचरीलाही आधी अंडी बाळगणारी मादी लागतेच, आणि ती येते खाडीतून किंवा समुद्रातून. तेव्हा पोटाखाली अंड्यांचा पुंजका असलेली चिंबोरी जाळ्यात आली, तर ती जिवंत पाण्यात सोडावी, आणि बाजारात दिसली तर विकत घेऊ नये. एवढे तर आपल्या हातात आहे.