पैनगंगेच्या खालच्या अंगाला मातीचे डोंगर

वाशीम जिल्ह्यात कोळशाची खाण नाही. आपल्याकडे काळ्या मातीखाली बेसॉल्टचा काळा पाषाण. पण रिसोडच्या बाजूने वाहणारी आपली पैनगंगा पुढे इसापूर धरण, सहस्रकुंडाचा धबधबा पार करत वढा इथे वर्धा नदीला मिळते, आणि तिथवर चित्र पार बदललेलं असतं. वणी, घुग्घुस, राजुरा हा वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खुल्या खाणींचा पट्टा. रस्त्यावरून सपाट माथ्याचे जे डोंगर दिसतात, ते डोंगर नव्हेतच. कोळशावरची माती, मुरूम आणि वाळूचा खडक खणून रचलेले ते ढीग. खाणीतली माणसं त्याला 'ओबी' म्हणतात, म्हणजे ओव्हरबर्डन.

ढीग रचण्यात काय मोठं, डंपर आणायचा नि ओतायचा, असं वाटेल. कोरडा ढीग बऱ्यापैकी शहाण्यासारखा वागतो. दगड एकमेकांत अडकतात आणि त्या घर्षणावर उतार तगतो. पाऊस मुरला की आतल्या पोकळ्या पाण्याने भरतात, पाणी कणांना एकमेकांपासून दूर रेटतं, घर्षण घटतं. वर वजन वाढतं ते वेगळंच. सिव्हिलवाले 'पोअर प्रेशर' परीक्षेपुरतं पाठ करतात, ते हेच.

त्यात आपली काळी माती! उन्हाळ्यात हिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगते नि पाय निसटतो. घरांच्या भिंतींना पडणारे तडे आपल्याला नवे नाहीत. वर्धा खोऱ्यातही वरचा थर हाच. तो न काढता त्यावर ढीग रचला, तर ढीग जणू साबणावर उभा राहतो. ओबीत मिसळला तरी तेच. म्हणून २०१७ च्या कोळसा खाण नियमांत वरची माती वेगळी साठवायची, असं स्पष्ट लिहिलंय. पुढे त्याच मातीवर झाडं लावता येतात. ढिगाचा उतार ३७.५ अंशांहून जास्त नको. ३० मीटरपेक्षा उंच ढिगाला टप्पे पाडायचे, आणि एकूण उतार उभ्या १ मीटरला आडवा किमान दीड मीटर ठेवायचा.

पण नुसत्या कोनाने भागत नाही. पाण्याला वाट द्यावी लागते. शेताच्या बांधाला चर काढतो तसंच हे काम, फक्त मोठं. ढिगाभोवती हारासारखी नाली काढतात, तिला 'गारलँड ड्रेन' म्हणतात. बाहेरचं पाणी पायथ्याशी येऊ द्यायचं नाही. टप्प्यांना आतल्या बाजूला हलका उतार द्यायचा, म्हणजे पाणी कडेवरून घसरत न जाता नालीत येतं. पायथ्याला दगडी भिंत. गाळ बसायला तळी, आणि मगच पाणी ओढ्यात. पावसाळ्याआधी या नाल्या उपसणं हे कंटाळवाणं काम, आणि नेमकं तेच राहून जातं.

राहून गेल्यावर काय होतं? वेल्समधल्या अ‍ॅबरफॅन गावात खाणीचा ढीग चक्क झऱ्यांवर रचला होता. २१ ऑक्टोबर १९६६ च्या सकाळी तो चिखल होऊन शाळेवर आला. १४४ माणसं गेली, त्यातली ११६ मुलं. झारखंडच्या राजमहल खाणीत डिसेंबर २०१६ मध्ये ढीग घसरून २३ कामगार गाडले गेले.

आपल्या पट्ट्यातल्या गावकऱ्यांची तक्रार आणखी वेगळी आहे. २०२२ च्या पावसाळ्यात वर्धेच्या पुराने वणी-चंद्रपूर भागातली गावं वेढली, तेव्हा नदीकाठच्या ढिगांकडेही बोटं दाखवली गेली. काठावरची माती पात्रात उतरली की पुराला जागा कमी उरते, हे समजायला इंजिनीअर लागत नाही. खाणीच्या आत ढीग सुरक्षित असला म्हणजे नदीसाठीही सुरक्षित, असं मात्र धरून चालू नये. माझ्या मते हा हिशेब अजून नीट मांडलाच जात नाही.

मित्रांनो, यात काम करायचं तर नागपूरच्या व्हीएनआयटीत मायनिंगची पदवी आहे. सिव्हिल किंवा जिऑलॉजीवाल्यांनाही वाव आहे. ढिगातलं पाणी मोजायला पिझोमीटर आहेत, उताराची हालचाल टिपायला रडार आहे. तरी पावसाळ्यात पहिलं काम जुनंच: माथ्यावर चालत जायचं आणि कडेला समांतर चीर पडली का ते बघायचं. दिसली तर दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून अंतर रोज लिहायचं. अंतर वाढण्याचा वेग वाढला, की खालची माणसं आणि मशीन आधी बाहेर.