मधला माणूस वगळला तर

पुण्यातून नाशिकला व्हॉट्सअ‍ॅपवर कॉल लावला की दोघांचा आवाज, शक्य असेल तेव्हा, कंपनीच्या सर्व्हरवरून न जाता एका फोनवरून थेट दुसऱ्या फोनवर जातो. गाठ घालून देण्यापुरता सर्व्हर मध्ये येतो आणि वाट सापडली की बाजूला होतो. ‘पीअर-टू-पीअर’ म्हणतात ते हेच. लेखी निरोपाचा प्रवास वेगळा असतो. तो आधी सर्व्हरवर पोचतो, समोरचा फोन चालू होईपर्यंत तिथेच थांबतो आणि मग पुढे जातो. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सअ‍ॅपवरचे सगळे निरोप कुलूपबंद होऊन, म्हणजे एन्क्रिप्ट होऊन जातात, त्यामुळे मजकूर कंपनीलाही वाचता येत नाही. पण कोणी, कोणाला, किती वाजता, किती वेळा निरोप धाडला, हे मध्ये बसलेल्याला कळू शकतं.

ही वरवरची माहिती किरकोळ वाटते, आणि तिथेच आपण फसतो. एखाद्या मुलीने रात्री महिला हेल्पलाइनला, सकाळी वकिलाला आणि दुपारी माहेरी निरोप पाठवला असेल, तर त्यातला एक शब्दही न वाचता तिच्या घरात काय चाललंय ते कळतं. अमेरिकेच्या एनएसए आणि सीआयए या दोन्ही गुप्तचर संस्थांचं प्रमुखपद भूषवलेले जनरल मायकेल हेडन यांनी २०१४ साली एका जाहीर चर्चेत सांगून टाकलं होतं, की आम्ही मेटाडेटाच्या आधारावर माणसं मारतो. मेटाडेटा म्हणजे हीच माहिती. मजकूर लपवणं हे गोपनीयतेचं अर्धं काम झालं. उरलेल्या अर्ध्यासाठी मधला माणूसच नको, असं काही संगणकतज्ज्ञ गेली वीस-पंचवीस वर्षं म्हणताहेत आणि त्यासाठी झटताहेत.

पहिली अडचण पत्त्याची. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत एकूण आयपी पत्ते सुमारे ४२९ कोटी. जगातल्या साऱ्या उपकरणांना ते पुरत नाहीत, म्हणून घरातला राउटर किंवा मोबाइल कंपनी अनेक उपकरणांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देते. आतून बाहेर गेलेल्या विनंतीचं उत्तर राउटर आत घेतो. पण बाहेरून कोणी आपणहून आलं, तर ते कोणासाठी आलंय हे त्याला ठरवता येत नाही आणि तो त्याला परतवून लावतो. आता दोन फोन, दोन्ही अशा राउटरांमागे. कोणी कोणाला आधी हाक मारायची? यावरचा तोडगा सुंदर आहे. दोघांनी एकाच वेळी एकमेकांच्या दिशेने माहितीची पाकिटं सोडायची. प्रत्येकाच्या राउटरला वाटतं, की आत्ता आपल्या आतून बाहेर गेलं त्याचंच हे उत्तर आलं, आणि तो दार उघडतो. पण ‘आत्ता’ म्हणजे नेमकं कधी आणि ‘दिशा’ म्हणजे कुठला पत्ता, हे दोघांना सांगायला कोणीतरी तिसरा लागतोच. काही मोबाइल नेटवर्कांवर ही युक्ती चालतही नाही.

त्या तिसऱ्याचं काम एका ठिकाणी न ठेवता सगळ्यांत वाटून टाकण्याची पद्धत २००२ साली न्यूयॉर्क विद्यापीठातल्या पेटार मेमून्कोव्ह आणि डेव्हिड माझिएर यांनी मांडली. तिचं नाव कडेम्लिया. प्रत्येक संगणकाला १६० बिटांचा एक ओळखक्रमांक मिळतो आणि दोन क्रमांकांमधलं ‘अंतर’ एका साध्या गणिती क्रियेने मोजलं जातं. या अंतराचा भूगोलाशी काही संबंध नाही. प्रत्येकाकडे जवळच्या बऱ्याच आणि लांबच्या मोजक्या क्रमांकांची यादी असते. कोणाला शोधायचं असेल तर आपल्या यादीतल्या सर्वांत जवळच्याला विचारायचं, तो आणखी जवळचा सुचवतो. दर पायरीला शोधाचा परिसर साधारण निम्मा होतो, त्यामुळे दहा लाख संगणकांच्या जाळ्यातही वीसेक पायऱ्यांत माणूस सापडतो. कुठेही मुख्य कचेरी नाही, मुख्य वही नाही. मला हा संगणकशास्त्रातला एक अतिशय देखणा विचार वाटतो. मात्र ज्यांना विचारत गेलो त्या अनोळखी संगणकांना आपण कोणाला शोधतोय हे समजतं, आणि हजारो खोटे क्रमांक घेऊन कोणी या जाळ्यात शिरला तर तो अशा पुष्कळ चौकशा टिपू शकतो.

पीअर-टू-पीअर संभाषणाची सर्वांत मोठी कहाणी आपल्यापैकी अनेकांच्या घरात घडून गेली आहे. मुलगा-सून न्यू जर्सीला आणि आजी-आजोबा डोंबिवलीत, अशा घरांना स्काइप वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २००३ मध्ये आलेलं स्काइप एस्टोनियातल्या प्रोग्रॅमरांनी लिहिलं होतं. त्याआधी त्यांनी काझा हे गाणी-चित्रपट वाटून घेण्याचं जाळं बांधलं होतं. लॉगिनची सोय मध्यवर्ती होती, पण माणसं शोधण्याचा भार वापरणाऱ्यांचे संगणकच वाहत. ज्याचं इंटरनेट दणकट आणि पत्ता सार्वजनिक, त्याचा संगणक मालकाच्या नकळत ‘सुपरनोड’ होऊन इतरांची सेवा करू लागे. ऑगस्ट २००७ मध्ये विंडोजच्या एका अपडेटनंतर जगभरातले असंख्य संगणक थोड्या वेळात पाठोपाठ बंद होऊन पुन्हा सुरू झाले. सुपरनोड गळाले, लॉगिनची झुंबड उडाली, जाळ्याच्या स्वतःला सावरण्याच्या आज्ञावलीतच एक चूक निघाली, आणि स्काइप सुमारे दोन दिवस आडवं झालं. मग स्मार्टफोन आले. सतत जागं राहून दुसऱ्याचं ओझं वाहणं फोनच्या बॅटरीला परवडेना. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्काइप विकत घेतलं, पुढच्याच वर्षी सुपरनोडचं काम स्वतःच्या सर्व्हरांकडे घेतलं. मधला माणूस परत आला. ५ मे २०२५ रोजी स्काइप कायमचं बंद झालं.

स्काइपवरचंच २०११ चं एक संशोधन मला फार महत्त्वाचं वाटतं. न्यूयॉर्कमधले कीथ रॉस आणि त्यांच्या फ्रान्समधल्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की समोरच्याच्या यंत्रावर घंटीही न वाजवता स्काइपवरून त्याचा आयपी पत्ता काढता येतो आणि तो दिवसभरात कुठल्या शहरातून कुठल्या शहरात गेला याचा माग ठेवता येतो. दहा हजार जणांचा असा माग त्यांनी दोन आठवडे ठेवला. थेट जोडणीत कंपनीपासून लपलेली गोष्ट समोरच्याच्या हाती पडते. मित्राशी बोलताना याने काही बिघडत नाही. पण पाठलाग करणारा माजी नवरा किंवा धमक्या देणारा गुंड पलीकडे असेल, तर मधला सर्व्हर हीच ढाल ठरते. म्हणून ‘विकेंद्रित आहे, म्हणजे खासगी आहे’ असं कोणी ठासून सांगितलं, की मी आधी विचारतो: कोणापासून खासगी?

हा प्रश्न स्वतःला विचारून बांधलेलं साधन म्हणून मी ब्रायर या निरोप-अ‍ॅपकडे बघतो. २०१८ मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली, तेही फक्त अँड्रॉइडसाठी. त्यात फोन नंबर लागत नाही, ईमेल लागत नाही. दोघं समोरासमोर बसून एकमेकांच्या पडद्यावरचा क्यूआर कोड टिपतात, किंवा लांब असतील तर दुव्यांची अदलाबदल करतात. इंटरनेट चालू असताना निरोप टॉर या स्वयंसेवकांनी चालवलेल्या जाळ्यातून जातो. दोन्ही फोन टॉरच्या पोटातल्या एका भेटीच्या जागी येऊन मिळतात, त्यामुळे एकाला दुसऱ्याचा आयपी पत्ता कळत नाही आणि बाहेरून बघणाऱ्याला कोण कोणाशी बोलतंय ते दिसत नाही. इंटरनेट बंद असेल, तर तोच निरोप वाय-फाय किंवा ब्लूटूथवरून थेट जातो.

याची किंमत रोजच्या वापरात मोजावी लागते. दोघांचे फोन एकाच वेळी जागे असल्याशिवाय निरोप पोचत नाही. त्यावर ब्रायरच्या निर्मात्यांनी ‘मेलबॉक्स’ नावाचं वेगळं अ‍ॅप काढलं: घरातला जुना फोन चार्जरला लावून ठेवायचा, तो तुमच्यासाठी निरोप झेलत बसतो. म्हणजे सर्व्हर आहेच, फक्त तो तुमच्या कपाटात आहे. अ‍ॅप सतत चालू ठेवावं लागत असल्यामुळे बॅटरी जास्त खर्च होते, आणि आयफोन अ‍ॅपला असं मागे जागं राहू देत नाही म्हणून तिथे ब्रायर नाही. पासवर्ड विसरलात तर खातं गेलं. तक्रार करायला कोणी नाही.

ब्लूटूथचा पल्ला साधारण दहा मीटरांचा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ धडकलं, त्यानंतर रायगड-रत्नागिरीच्या किती तरी गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती, फोनला रेंज नव्हती. अशा वेळी ब्लूटूथ एका वाडीतून डोंगरापलीकडच्या दुसऱ्या वाडीत पोचेल, ही आशा खोटी आहे. पण ब्रायरमधल्या सामाईक चर्चा सभासदांच्या फोनमध्ये साठत जातात, आणि त्यातला एखादा दुसऱ्या गावी गेला की तिथल्या ओळखीच्या फोनमध्ये आपोआप उतरतात. पूर्वी एसटीच्या कंडक्टरच्या हाती निरोप आणि डबे जायचे, तसंच. वेळ लागतो, पण टॉवर लागत नाही.

सगळ्याच साधनांनी इतकी काळजी घेतलेली नाही. हाँगकाँगच्या २०१९ च्या आंदोलनात ब्रिजफाय नावाचं ब्लूटूथवर चालणारं अ‍ॅप हातोहात पसरलं. त्याच डिसेंबरमध्ये दिल्लीच्या काही भागांत इंटरनेट बंद झालं तेव्हा भारतातही लोकांनी ते उतरवून घेतलं. २०२० मध्ये लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातल्या संशोधकांनी ते उघडून पाहिलं. कोणाच्याही नावाने निरोप पाठवता येत होते, कोण कोणाशी बोलतंय याचा माग काढता येत होता, आणि मुद्दाम दाबून भरलेला एकच निरोप सोडला तर तो उलगडताना फोन कोलमडून सारं जाळं कोसळत होतं. पुढे कंपनीने सिग्नल या निरोप-अ‍ॅपची एन्क्रिप्शन पद्धत घेतली, तरी २०२२ मध्ये संशोधकांनी त्यातही भोकं दाखवली. जिथे पोलीस समोर उभे आहेत तिथे लोक अशा अ‍ॅपच्या भरवशावर जीव धोक्यात घालतात, याचा मला राग येतो. ब्रायरने पहिली पक्की आवृत्ती येण्याआधीच बर्लिनच्या क्युअर५३ कडून तपासणी करून घेतली आणि तिचा अहवाल सगळ्यांसमोर ठेवला. अ‍ॅप निवडताना मी सर्वांत आधी हेच बघतो.

मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली १४ निरोप-अ‍ॅप्स रोखली. ब्रायर त्यात होतं, एलिमेंट आणि थ्रीमाही होती. जम्मू-काश्मीरमधले दहशतवादी ती वापरतात आणि या अ‍ॅप्सचा भारतात जबाबदार प्रतिनिधी नाही, असं कारण पुढे आलं. दहशतवादाचा धोका खरा आहे. पण ज्या साधनात मध्ये कोणी नाही हाच त्याचा गाभा, त्याच्याकडे मधला प्रतिनिधी मागणं म्हणजे ते साधनच नको म्हणणं. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यावर मर्यादा घालायची तर कारणं मांडावी लागतात. या कलमाखालचे आदेश मात्र नियमानुसार गुप्त ठेवले जातात, त्यामुळे कारणं तपासायची तरी कशी? पत्रकार, वकील, अत्याचाराची तक्रार करणारी बाई यांना अशा साधनांची गरज पडते, तेव्हा ती ऐच्छिक नसते.

रोजच्या गप्पांसाठी बहुतेकांना सिग्नल पुरेसं आहे, असं मी विचारणाऱ्यांना सांगतो. पण विकेंद्रित साधनांकडून एक सवय आत्ताच घेण्यासारखी आहे. ब्रायर ज्यावर उभं आहे ती किल्ल्यांची, म्हणजे समोरच्याचा एन्क्रिप्शन कोड खरंच त्याचाच आहे याची, खातरजमा व्हॉट्सअ‍ॅप आणि सिग्नलमध्येही आहे. फार थोडे लोक ती करतात. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये संपर्काच्या माहितीत ‘एन्क्रिप्शन’ उघडलं की ६० अंकी क्रमांक आणि क्यूआर कोड दिसतो. दोघांच्या फोनवर तो जुळला, की मध्ये कोणी बसलेलं नाही याची खात्री होते. शिवाय सेटिंगमधल्या प्रायव्हसीत कॉलच्या वेळी आयपी पत्ता झाकण्याची सोय आहे. ती चालू केली की कॉल सर्व्हरवरून फिरून जातो आणि अनोळखी माणसाला तुमचा आयपी पत्ता मिळत नाही. कोड मात्र समोरासमोर भेट होईल तेव्हाच जुळवून घ्यावा. फोन बंद पडल्यावर किंवा रेंज गेल्यावर ते करता येत नाही.