संगणकाची टाचणवही

‘रासबेरी पाय’ हे नाव प्रथम कानी पडले तेव्हा ते एखाद्या विलायती पक्वान्नाचे असावे, असे आम्हांस वाटले होते. वस्तुतः तो तळहातावर मावणारा संगणक आहे. २०१२ साली केंब्रिज येथील मंडळींनी तो विक्रीस आणला. मुलांनी संगणक केवळ वापरू नये, त्याचे अंतरंगही जाणावे, हा त्यांचा हेतू. त्याची सारी विद्या बहुधा नखाएवढ्या एका मेमरी कार्डात साठवलेली असते.

आमच्या शाळेतील असे पाच संगणक एका उत्साही गुरुजींनी सुट्टीचे दिवस वेचून सिद्ध केले. पुढे त्यांची बदली झाली. त्या पावसाळ्यात वीज वारंवार गेली. चालू यंत्राची वीज अकस्मात तुटली की कार्डावरील लेखन बिघडू शकते. तीन यंत्रे मुकी झाली. गुरुजींनी दूरध्वनीवरून आठवेल तेवढे सांगितले. परंतु निम्म्या गोष्टी त्यांनाही आठवेनात.

अखेर एका माजी विद्यार्थ्याने ‘ॲन्सिबल’ ही विनामूल्य प्रणाली दाखवली. यंत्राची स्थिती कशी असावी, हे तीत साध्या मजकुरात ओळीने लिहावयाचे: अमुक प्रणाली बसवलेली असावी, अमुक सेवा चालू असावी. मग एक संगणक जाळ्यावरून बाकीच्यांची तपासणी करतो. उणे असेल तेवढे भरतो, नीट असेल त्यास हात लावीत नाही. म्हणून नीट लिहिलेला पाठ कितीही वेळा दिला तरी बाधत नाही. ओळीचा समास मात्र चुकता कामा नये. एक जागा इकडची तिकडे झाली तरी पाठ अडू शकतो.

कोऱ्या कार्डावर ‘रासबेरी पाय इमेजर’ने मूळ प्रणाली उतरवतानाच यंत्राचे नाव, वापरकर्ता आणि दुरून प्रवेशाची मुभा नोंदवावी, पुढचे काम टाचण करते. परवलीचे शब्द उघड लिहू नयेत. त्यांच्यासाठी ॲन्सिबलमध्येच कुलूपबंद कप्पा आहे.

गेल्या महिन्यात पुन्हा एक कार्ड निकामी झाले. आठवीच्या दोन मुलींनी टाचण उघडून ते यंत्र त्याच दुपारी चालू केले. कोणा गुरुजींना दूरध्वनी करावा लागला नाही.

टाचण न लिहिणाऱ्या शिक्षकांना आम्ही आजवर रागे भरत आलो. त्या गुरुजींना बदलीच्या दिवशी पुष्पगुच्छ दिला, निरोपाचे भाषणही केले. टाचण मागावयास मात्र आम्हीच विसरलो होतो.