बोटींसाठी बांधला, पाण्यामुळे वाचला

पाँटकसल्टे जलसेतूवरून बोट जाते तेव्हा तिच्या एका अंगाला चालायची वाट आणि कठडा असतो. दुसऱ्या अंगाला काहीच नसतं. पन्हळीची कड पाण्यावर जेमतेम वीतभर येते आणि तिच्यापलीकडे थेट ३८ मीटर खाली डी नदी. केबिनच्या खिडकीतून ती कडही दिसत नाही. बोट अधांतरी चालली आहे असंच वाटतं. वेल्सच्या ईशान्य भागातल्या लँगॉलन कालव्यावर सुटी काढून येणारे बरेचसे या काही मिनिटांसाठीच येतात.

विल्यम जेसप आणि थॉमस टेलफर्ड यांनी हा सेतू १७९५ ते १८०५ या काळात उभारला. तोवरचे जलसेतू सहसा दगडी असत. पाणी झिरपू नये म्हणून आत मळलेल्या चिकणमातीचा जाड थर द्यावा लागे आणि तो पेलायला खांब-कमानीही अवजड लागत. एवढ्या उंचीवर ते झेपणारं नव्हतं. म्हणून १८ दगडी खांबांवर बिडाची ३०७ मीटर लांब पन्हळ टाकली आणि खांबही वरच्या भागात पोकळ ठेवले. दर्जांच्या चुन्यात बैलाचं रक्त मिसळलं होतं आणि पन्हळीच्या सांध्यांत साखरेच्या उकळत्या पाकात बुडवलेलं फ्लॅनेल ठासलं होतं, असं सांगतात.

बोट सेतूवर आली तरी खांबांवरचा भार वाढत नाही, कारण ती आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते. त्या पाण्याला मागे वळायला जागा मात्र हवी. म्हणून पन्हळ बोटीपेक्षा बरीच रुंद, ३.६ मीटरची केली आणि बोट ओढणाऱ्या घोड्याची वाट पन्हळीतच, पाण्याच्या वर उचलून धरली. सरलेलं पाणी त्या वाटेखालून निघून जातं.

बोटीची रुंदी सुमारे सात फूट, लांबी सत्तर फुटांपर्यंत. बोटीला चढवणारे-उतरवणारे लॉकच सात फुटी, मग बोट दुसरी कशी असणार? आत ओट्यासकट स्वयंपाकघर, शॉवर, झोपायच्या जागा. भाड्याने घ्यायला परवाना लागत नाही. देणारेच निघण्यापूर्वी शिकवतात. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते, हे अंगवळणी पडायला थोडा वेळ लागतो. वेगमर्यादा ताशी चार मैल, त्यामुळे काठावरून चालणारा माणूस सहज बरोबरीने येतो.

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला हौद. बोट आत घ्यायची, दारं लावायची, हँडल फिरवून झडपा उघडायच्या आणि पाण्याबरोबर वर चढायचं किंवा खाली उतरायचं. उतरताना वरच्या दाराजवळचा बुडालेला उंबरा सांभाळायचा. बोटीचं मागचं टोक त्यावर टेकलं, तर पाणी उतरत जातं आणि बोट तिरकी लटकते. याच कालव्यावर ग्रिंडली ब्रुक इथे असे तीन हौद एकाला एक लागून आहेत. पुढे इंग्लंड-वेल्सच्या सीमेवर १८०१ चा चर्क जलसेतू लागतो. त्याच्या शेजारीच रेल्वेचा त्याहून उंच पूल आहे. सेतू ओलांडला की लगेच बोगदा.

पाँटकसल्टे मुळात मर्सी, डी आणि सेव्हर्न या नद्या जोडणाऱ्या कालव्याच्या मुख्य मार्गावर होता. पैसा आटला, सेतूपलीकडचा मार्ग खोदलाच गेला नाही आणि एवढा मोठा सेतू आडवाटेचा झाला. या कालव्याला पाणी पुरवायला टेलफर्डने १८०८ मध्ये लँगॉलनच्या वर डी नदीवर हॉर्सशू फॉल्स हा अर्धगोल बंधारा बांधला. मालवाहतूक रेल्वेने आणि मोटारींनी हिरावली आणि १९४४ च्या कायद्याने कालवा वाहतुकीतून काढून टाकला. पण डीचं पाणी याच कालव्यातून हर्लस्टनच्या जलाशयात आणि तिथून लोकांच्या नळांत जात होतं, त्यामुळे तो बुजवणं परवडणारं नव्हतं. त्याच वर्षी एल. टी. सी. रोल्ट यांचं कालव्यांवरच्या बोटप्रवासाचं ‘नॅरो बोट’ हे पुस्तक आलं, १९४६ मध्ये कालव्यांसाठी झटणारी संस्था निघाली आणि सुटीच्या बोटी वाढत गेल्या. २००९ मध्ये सेतूसह १८ किलोमीटरचा पट्टा जागतिक वारसा ठरला.

बोटींना परत आणणारं पाणी आजही आपलंच काम करतं. लँगॉलनच्या अलीकडे काही ठिकाणी दोन बोटी मावत नाहीत, म्हणून एकजण पुढे चालत जाऊन वाट मोकळी आहे का ते पाहतो. तिथे इंजिनाचा जोर वाढवला तरी बोट रेंगाळते, कारण समोरून येणारं पाणी हर्लस्टनला निघालेलं असतं आणि या वाटेवर पहिला हक्क त्याचा आहे.